पानाचं वजन: वेबसाइटच्या थीमची तीस वर्षं

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने, म्हणजे व्हीएसएनएलने, मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासमध्ये सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. घरच्या टेलिफोनची तार मोडेमला जोडायची, नंबर लावायचा आणि कर्कश शिट्ट्या थांबून जोडणी लागण्याची वाट पाहायची. साध्या डायल-अप जोडणीचा वेग सेकंदाला ९,६०० बिट, म्हणजे जेमतेम १.२ किलोबाइट. विद्यार्थ्यांसाठीच्या स्वस्त ‘शेल’ खात्यावर तर चित्रं दिसायचीच नाहीत, पडद्यावर नुसती अक्षरं उमटायची. या वेगाने ५० केबीचं एक छायाचित्र पूर्ण उघडायला चाळीसहून अधिक सेकंद लागत, आणि तेवढा वेळ घरचा फोन अडकलेला असे.

आज जगातल्या सर्वसाधारण वेबपानाचं वजन २ एमबीच्या पुढे गेलं आहे. १९९५च्या मोडेमवर असं एक पान उतरवायला सुमारे अर्धा तास लागला असता. तारा रुंद झाल्या, तशी पानंही जड होत गेली. हे वजन कोणी वाढवलं, का वाढवलं आणि ते उतरवण्यासाठी कोणी काय केलं, याचा माग काढायचा तर वेबसाइटच्या ‘थीम’चा, म्हणजे रूपाच्या तयार साच्याचा, इतिहास पाहावा लागतो.

सुरुवात हलकीच होती. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९९० ते ९१ या काळात वेब उभारलं, ते शास्त्रज्ञांच्या कागदपत्रांसाठी. पहिल्या वेबपानावर मजकूर आणि दुवे एवढंच होतं. शीर्षक कोणतं आणि परिच्छेद कुठला, हे एचटीएमएल सांगत असे. ते दिसावं कसं, हा निर्णय वाचणाऱ्याच्या ब्राउझरवर सोडलेला होता. १९९३मध्ये इलिनॉय विद्यापीठातल्या एनसीएसए केंद्रात मार्क अँड्रीसन आणि सहकाऱ्यांनी ‘मोझॅक’ हा ब्राउझर बनवला. मजकुराच्या शेजारी त्याच पानात चित्र दाखवण्याची सोय त्याने रुजवली आणि वेब एकदम लोकप्रिय झालं.

चित्रं आली तशी मांडणीची हौसही आली. रंगीत मासिकासारखं पान पडद्यावर हवं होतं, पण ते करायला साधनं नव्हती. मग आकडेवारीसाठी असलेल्या तक्त्यांचा आधार घेतला गेला. अदृश्य तक्त्यात आणखी तक्ते बसवायचे, रिकाम्या जागा राखायला एक पिक्सेलची पारदर्शक जीआयएफ प्रतिमा ताणून लावायची, असं तंत्र रूढ झालं. डेव्हिड सीगल यांच्या १९९६च्या ‘क्रिएटिंग किलर वेब साइट्स’ या पुस्तकाने ते जगभर पोचवलं. पानं देखणी झाली, पण रूप आणि मजकूर एकमेकांत गुंतले. शंभर पानांच्या साइटवर तीच मांडणी शंभर वेळा लिहिली जाई आणि वाचकालाही प्रत्येक वेळी नव्याने उतरवावी लागे.

यावरचा उपाय सर्नमध्येच सुचला होता. होकोन व्हियुम ली या नॉर्वेजियन तंत्रज्ञाने ऑक्टोबर १९९४मध्ये मजकूर आणि रूप वेगवेगळं ठेवण्याची योजना मांडली. डिसेंबर १९९६मध्ये ती सीएसएसची पहिली शिफारस म्हणून मान्य झाली. रंग, अक्षरांचा आकार, समास हे सगळं एका वेगळ्या फाइलमध्ये लिहायचं. वाचकाचा ब्राउझर ती फाइल एकदा उतरवून साठवतो आणि पुढच्या सगळ्या पानांना तीच वापरतो. हलक्या पानाचा पाया इथे घातला गेला. मात्र ब्राउझर हे नियम नीट पाळायला लागेपर्यंत पुढची अनेक वर्षं गेली.

दरम्यान, काहींनी आपणहून मर्यादा घालून घेतली. २००० साली स्टुअर्ट बटरफील्ड यांनी ‘द फाइव्ह के’ ही स्पर्धा भरवली. चित्रं आणि प्रोग्रामसकट संपूर्ण पान ५ केबीच्या आत बसवायचं, एवढीच अट. लोकांनी तेवढ्या जागेत खेळ, घड्याळं आणि छोटी दुकानं बसवून दाखवली. हेच बटरफील्ड पुढे ‘फ्लिकर’ आणि ‘स्लॅक’चे सहसंस्थापक म्हणून प्रसिद्ध झाले.

मराठीतून या स्पर्धेत उतरणं मात्र कठीण गेलं असतं. वेबवर सर्वत्र चालणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन. त्यातही काना, वेलांटी, मात्रा स्वतंत्रपणे मोजल्या जातात. ‘मराठी’ हा शब्द साठवायला म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशी पाच चिन्हं, म्हणजे १५ बाइट. या हिशेबाने ५ केबीत जेमतेम १,७०० चिन्हं मावतात. वर्तमानपत्रातली मध्यम बातमीसुद्धा त्यात संपत नाही. सर्व्हरने पान पाठवताना जीझिप पद्धतीने दाबलं, तर हे ओझं बरंच उतरतं, कारण देवनागरीच्या चिन्हांत सुरुवातीचे बाइट सतत तेच ते येतात.

मे २००३ हा या कथेतला महत्त्वाचा महिना. कॅनडातल्या डेव्ह शिया यांनी ‘सीएसएस झेन गार्डन’ हे पान खुलं केलं. एकच एचटीएमएल फाइल, तिला कोणी हात लावायचा नाही; फक्त सीएसएस आणि त्यातून येणारी चित्रं बदलून पानाचं रूप पालटायचं. जगभरच्या डिझायनरांनी त्या एकाच मजकुराची शेकडो रूपं घडवली. रूप वेगळं काढता येतं, हे तोवर सांगितलं जात होतं. आता ते दिसलं.

त्याच महिन्यात, २७ मे रोजी, मॅट मुलनवेग आणि माइक लिटल यांनी ‘बी२’ या ब्लॉगसाठीच्या जुन्या मुक्त प्रणालीवरून घडवलेल्या वर्डप्रेसची पहिली आवृत्ती बाहेर पडली. पण आज ज्याला थीम म्हणतात ती त्यात नव्हती. रूप बदलायचं तर मुख्य फाइलमध्येच खाडाखोड करावी लागे. फेब्रुवारी २००५मधल्या १.५ आवृत्तीने हे बदललं. थीम म्हणजे एक फोल्डर, अशी सोपी व्याख्या झाली: पानाचा माथा, तळ, बाजूचा रकाना आणि मजकुराचा भाग यांच्या वेगवेगळ्या फाइली, आणि त्यांच्या जोडीला एक स्टाइलशीट. फोल्डर सर्व्हरवर चढवायचा, एक बटण दाबायचं, साइटचं रूप बदललं. मजकूर डेटाबेसमध्ये होता तसाच राहिला.

या आवृत्तीबरोबर मिळालेली ‘कुब्रिक’ ही थीम मायकेल हाइलमन यांनी केली होती. निळा, गोलसर कोपऱ्यांचा माथा, खाली पांढरा कागद आणि फिकट राखाडी कडा. गोल कोपरे तेव्हाच्या सीएसएसला जमत नसत. म्हणून माथा, पार्श्वभूमी आणि तळ यांसाठी वेगवेगळ्या छोट्या प्रतिमा वापरल्या होत्या. पानाच्या देखणेपणाचा बहुतेक भार त्या मोजक्या चित्रांवर होता. बाकी सगळं मजकुराचं पान. ‘ट्वेंटी टेन’ ही थीम येईपर्यंत पाच वर्षं वेबवर जिथे तिथे हाच निळा माथा दिसत होता.

थीमची कल्पना लोकशाहीवादी होती. प्रोग्रामिंग न येणाऱ्या शिक्षकाला, डॉक्टरला, दुकानदाराला तिने स्वतःची साइट दिली. आणि मागणी आली तिथे बाजारही आला. मेलबर्नच्या एनव्हाटो कंपनीने २००८मध्ये ‘थीमफॉरेस्ट’ ही थीमची बाजारपेठ सुरू केली. काही हजार रुपयांत तयार थीम मिळू लागली आणि चांगलं खपलं तर घरी बसून काम करणाऱ्या डिझायनरला उत्तम कमाई होऊ लागली.

वजन वाढण्याचं मूळ या व्यवहारातच होतं. थीम विकणाऱ्याला गिऱ्हाईक कोण हे ठाऊक नसतं. ते हॉटेल असेल, शाळा असेल, वकिलाचं कार्यालय असेल किंवा लग्नाचे फोटो काढणारा असेल. मग एकाच थीममध्ये सगळ्यांची सोय करायची. अशा ‘बहुउद्देशीय’ थीम मंगल कार्यालयासारख्या झाल्या: वीस पाहुणे असोत की दोन हजार, सगळ्या दालनांचे दिवे लागलेलेच.

अशा थीमचं एखादं पान ब्राउझरच्या तपासणी खिडकीत उघडलं की हे नेमकं दिसतं. सरकत्या चित्रांची पट्टी फक्त मुखपृष्ठावर असते, पण तिचा प्रोग्राम ‘संपर्क’ पानावरही उतरतो. फोन, पाकीट आणि नकाशा अशी तीन चिन्हं दाखवायला शेकडो चिन्हांचा अख्खा फॉन्ट येतो. पान जुळवायच्या ‘पेज बिल्डर’ची स्टाइलशीट येते आणि तिच्यातल्या बहुतेक ओळी त्या पानावर लागूच होत नाहीत. जेक्वेरी ही जॉन रेझिग यांची २००६मधली उपयुक्त जावास्क्रिप्ट लायब्ररी तर एखादा मेनू उघडबंद करण्यापुरतीही आणली जाते. यातली एकेक गोष्ट लहान असते, पण एकत्र येऊन त्या मजकुराच्या अनेक पट जड होतात.

मोबाइल आल्यावर आणखी भर पडली. मे २०१०मध्ये ईथन मार्कॉट यांनी ‘रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन’ची मांडणी केली आणि एकच पान पडद्याच्या रुंदीनुसार स्वतःला जुळवून घेईल, ही कल्पना जगाने उचलली. पण अनेक थीमनी ती वरवरची राबवली. मोठ्या पडद्यासाठीचं चित्र फोनवरही पूर्ण उतरायचं आणि मग आकाराने लहान करून दाखवलं जायचं. वाचकाच्या डेटापॅकमधून पूर्ण वजन कापलं जाई. पडद्याला साजेसं चित्र निवडण्याची सोय वर्डप्रेसच्या गाभ्यात आली ती डिसेंबर २०१५च्या ४.४ आवृत्तीत.

पान किती वेळात उघडावं, यावर विचार करणारे लोकही याच काळात आपलं काम करत होते. जेकब नीलसन यांनी १९९३मध्येच तीन सीमा सांगितल्या होत्या: दशांश सेकंदात प्रतिसाद आला तर तो तत्काळ वाटतो, एका सेकंदापर्यंत विचारांची साखळी टिकते, दहा सेकंदांनंतर माणसाचं लक्ष उडतं. २००७मध्ये याहूत काम करणारे स्टीव्ह साउडर्स यांनी मोजमाप करून दाखवलं की, वाचकाच्या वाट पाहण्यातला ८० ते ९० टक्के वेळ सर्व्हरवर जात नाही. तो चित्रं, स्टाइलशीट आणि प्रोग्राम ब्राउझरमध्ये उतरण्यात आणि जुळण्यात जातो. म्हणजे महागडा सर्व्हर घेऊनही थीम जड असली तर फारसा उपयोग नाही. त्यांचे नियम साधे होते: फाइलींची संख्या कमी करा, मजकूर दाबून पाठवा, स्टाइलशीट वर आणि प्रोग्राम खाली ठेवा. एप्रिल २०१०मध्ये गुगलने शोधनिकालांच्या क्रमवारीत साइटचा वेगही धरायला सुरुवात केल्याचं जाहीर केलं आणि थीमच्या बाजारात ‘फास्ट’ हा शब्द जाहिरातीत आला.

या संपूर्ण काळातली सर्वांत बोलकी घटना यूट्यूबमध्ये घडली. ख्रिस झकरायस या अभियंत्याने तिथला व्हिडिओ पाहण्याच्या पानाचा सांगाडा १.२ एमबीवरून ९८ केबीवर आणला. २००९मध्ये ‘फेदर’ या नावाने ही आवृत्ती काही प्रेक्षकांना देण्यात आली. आकडे आले तेव्हा सगळे चक्रावले, कारण पान उघडण्याचा सरासरी वेळ कमी होण्याऐवजी वाढला होता. भूगोलानुसार आकडे वेगळे केल्यावर उलगडा झाला. आग्नेय आशिया, दक्षिण अमेरिका, आफ्रिका आणि सायबेरियाच्या दुर्गम भागांतून मोठ्या संख्येने माणसं येऊ लागली होती. त्यांच्या जोडणीवर जुनं पान उघडायला वीस मिनिटांहून अधिक लागत, म्हणून ती येतच नव्हती. नवं पान सुमारे दोन मिनिटांत उघडत होतं. दोन मिनिटं कमी नव्हेत, पण त्यांच्यासाठी व्हिडिओ पाहणं पहिल्यांदाच शक्य झालं होतं. झकरायस यांनी २०१२च्या डिसेंबरमध्ये हा अनुभव लिहून प्रसिद्ध केला. जड पानामुळे कोण बाहेर राहिलं, हे साइटच्या मालकाला आपल्या आकडेवारीत कधी दिसत नाही, कारण न आलेल्या माणसाची नोंद होत नाही. हलक्या थीमच्या बाजूने याहून ठोस पुरावा शोधावा लागत नाही.

वजन तरीही वाढतच होतं. एप्रिल २०१६मध्ये रोनन क्रेमिन यांनी दाखवून दिलं की, सरासरी वेबपानाचा आकार १९९३च्या ‘डूम’ या गाजलेल्या खेळाच्या मूळ फाइलएवढा, म्हणजे सुमारे सव्वादोन एमबी झाला आहे.

भारतात या वजनाचा चटका अधिक बसत होता. साध्या फोनवर आणि २जी जोडणीवर इंटरनेट वापरणाऱ्यांसाठी ‘ऑपेरा मिनी’ हा २००६पासून जगभर उपलब्ध असलेला ब्राउझर मोठा आधार ठरला. पान आधी ऑपेराच्या सर्व्हरवर उघडायचं, तिथे दाबलं जायचं आणि मग फोनवर यायचं. म्हणजे साइट बनवणाऱ्याने न केलेलं काम मधल्या सर्व्हरला करावं लागत होतं. सप्टेंबर २०१६मध्ये जिओची सेवा सुरू झाली, ४जी स्वस्त झालं आणि तारेची अडचण सुटल्यासारखी वाटली. पण अडचणीने फक्त जागा बदलली. छायाचित्र उतरलं की बहुतांश काम संपतं. तेवढ्याच वजनाचा जावास्क्रिप्ट प्रोग्राम उतरल्यावर फोनच्या प्रोसेसरला तो वाचावा, समजून घ्यावा आणि चालवावा लागतो. स्वस्त फोनचा प्रोसेसर इथे अडखळतो. पान दिसतं, पण बोट लावलं तरी हलत नाही.

याच सुमारास पुण्यातून एक वेगळं उत्तर पुढे आलं. सुजय पवार सहसंस्थापक असलेली ‘ब्रेनस्टॉर्म फोर्स’ ही पुण्याची कंपनी तोवर पेज बिल्डरना जोडायची साधनं विकत होती. जड पानं कशी तयार होतात, हे ती रोजच्या कामात पाहत होती. २०१७मध्ये तिने ‘अस्त्रा’ ही थीम आणली. जेक्वेरीवर अवलंबून न राहता थेट जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेली, ५० केबीपेक्षा कमी भार टाकणारी, अशी तिची ओळख कंपनीने करून दिली. स्वतःकडे फक्त सांगाडा ठेवायचा, बाकीच्या सुविधा वेगवेगळ्या भागांत करायच्या आणि वापरणाऱ्याने चालू केलेला भागच पानावर उतरवायचा, ही तिची रचना. २०२०मध्ये ती चालू असलेल्या साइट दहा लाखांवर गेल्या. वर्डप्रेसबरोबर आपोआप न येणाऱ्या थीमपैकी हा टप्पा सर्वांत आधी तिने गाठला. कॅनडातले टॉम उस्बोर्न यांची ‘जनरेटप्रेस’ ही थीम २०१४पासून याच वाटेवर होती आणि आहे. या दोघींनी बाजाराला दाखवून दिलं की, कमी देणारी थीमही लोक निवडतात.

मे २०२०मध्ये गुगलने ‘कोअर वेब व्हायटल्स’ जाहीर केले आणि वेगाला नेमकी मापं मिळाली. पानातला सर्वांत मोठा घटक अडीच सेकंदांत दिसावा, बोट लावताच प्रतिसाद यावा आणि वाचताना मजकूर अचानक खाली सरकू नये. यातलं तिसरं माप थीमवर फार अवलंबून असतं: चित्राची रुंदी-उंची थीमने आधीच सांगितली नसेल, तर चित्र येताच वाचत असलेली ओळ हातातून निसटते. वर्डप्रेसनेही स्वतःचं वजन तपासायला घेतलं. ऑगस्ट २०२०पासून नजरेच्या टप्प्यात नसलेली चित्रं उशिरा उतरवण्याची सोय गाभ्यात आली. जानेवारी २०२२च्या ५.९ आवृत्तीने ‘ब्लॉक थीम’ रूढ केल्या. त्यांत पानावर ज्या प्रकारचे घटक असतील, तेवढ्यांचीच स्टाइल पाठवली जाते.

मराठी साइटच्या बाबतीत मात्र अजून एक ओझं असतं, आणि परदेशी तुलनांमध्ये ते सापडत नाही: फॉन्ट. युनिकोडआधीच्या काळात मराठी वर्तमानपत्रं आपापले फॉन्ट वापरत आणि ‘डायनॅमिक फॉन्ट’ म्हणून ते पानाबरोबर ब्राउझरला पाठवत. एका वर्तमानपत्रातून उचललेला मजकूर दुसरीकडे चिकटवला की निरर्थक चिन्हं उमटत. युनिकोडने तो गोंधळ मिटवला आणि २०१०नंतर गुगल फॉन्ट्समुळे देखणी देवनागरी फुकट मिळू लागली. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाचा ‘मुक्त’ हा फॉन्ट आज असंख्य मराठी साइटवर दिसतो. पण देवनागरीला जोडाक्षरांसाठी शेकडो आकार लागतात, म्हणून तिची फॉन्टफाइल रोमनपेक्षा जड असते. मुक्तची सात वजनं आहेत आणि प्रत्येकाची फाइल वेगळी. थीमच्या सेटिंगमध्ये सातही खुणा केल्या की पानाचं वजन मजकुरामुळे नव्हे, फॉन्टमुळे वाढतं. मजकुराला साधं आणि शीर्षकाला ठळक अशा दोन फाइली बहुतेक साइटना पुरतात.

त्याहून हलका पर्यायही आहे. अँड्रॉइडवर नोटो सान्स देवनागरी, विंडोजवर निर्मला, ॲपलवर कोहिनूर देवनागरी हे फॉन्ट यंत्रात आधीच असतात. ‘सिस्टिम फॉन्ट’ वापरू देणारी थीम घेतली, तर वाचकाला अक्षरांसाठी एक बाइटही उतरवावा लागत नाही. निवड करताना थीमचा डेमो पाहून भुलू नये. ती रिकाम्या साइटवर चढवून, आपलाच एक मराठी लेख त्यात टाकून, ब्राउझरच्या तपासणी खिडकीत किती फाइली आणि किती केबी उतरले ते पाहावं. ओळींमधलं अंतर रोमन लिपीच्या मापाने आखलं असेल, तर खालचे उकार आणि वरचे रफार एकमेकांना टेकतात, हेही याच वेळी कळतं. ही तपासणी साध्या अँड्रॉइड फोनवर, वाय-फाय बंद करून केली, तर गावातल्या वाचकाला काय दिसणार आहे याचा खरा अंदाज येतो.